आबाजींचा चौथा वाटा

(जिल्हा बैठकीत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



जिल्ह्याची बैठक म्हटली की कापसाच्या भावावर बोलायचे, पीकविम्यावर बोलायचे, विजेच्या बिलावर बोलायचे, ही आपली रीत. या वेळी कार्यकर्त्यांनी सांगितले, की ज्या म्हाताऱ्या माणसाने तुमचे घर उभे केले त्याच्याबद्दल सांगा. आम्ही भावंडे विचारात पडलो. आमचे आजोबा, त्यांना आम्ही आबाजी म्हणत होतो, कधी सरपंच नव्हते की सोसायटीचे संचालक नव्हते. तुरुंगात गेले नाहीत, व्यासपीठावर चढले नाहीत. गावातल्या कोणत्याही पाटीवर त्यांचे नाव नाही. कोरडवाहू कापूस आणि ज्वारी पिकवली, चार लेकरे वाढवली, अकरा नातवंडांना खांद्यावर घेतले आणि १९९८ च्या संक्रांतीनंतर गेले. इतिहास म्हणाल तर एवढाच. पण या मांडवात बसलेल्या प्रत्येकाच्या घरी असा एक म्हातारा होऊन गेलेला आहे. आम्ही आमचा सांगतो, तुम्ही तुमचा आठवा.

त्यांची जन्मतारीख कोणी लिहून ठेवलेली नव्हती. मानमोडीनंतर दोन वर्षांनी झाला, असे त्यांची आई सांगत असे. मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ, म्हणून आम्ही १९२० धरतो. दारव्हा तालुक्यातले आमचे गाव तेव्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होते. पुढे ते मध्य प्रदेशात गेले, १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. राजधानी नागपूरहून मुंबईला गेली. आबाजी म्हणत, "राज्यं बदलली बाप्पा, धुरा तोच हाय."

धुऱ्याच्या आत चौदा एकर. त्यातली नऊ एकर काळी आणि बाकीची बरड. चार बोटे माती, खाली मुरूम. विहीर खोदायला घेतली होती ती चाळीस फुटांवर काळ्या दगडाला टेकली आणि तशीच राहिली. त्या खड्ड्यात पावसाळ्यात बेडूक ओरडायचे, तेवढाच तिचा उपयोग. म्हणजे जे काय पिकायचे ते मृगापासून हस्तापर्यंतच्या पाण्यावर.

आता कष्टाचे सांगायचे तर, "आबाजी फार कष्टाळू होते" या वाक्यात काही सांगितल्यासारखे होत नाही. कष्टाळू कोण नाही? म्हणून त्यांचे एक वर्षच सांगतो.

पाडव्याला नवे साल सुरू. चैत्र-वैशाखात वखर. उन्हाने जमीन तापली पाहिजे, म्हणून पहाटे तीनला उठून बैलांना कडबा टाकायचा आणि उजाडायच्या आत वखर जुंपायचा, कारण दहानंतर बैलांना ऊन सोसत नाही. माणसाला सोसते असे गृहीत. दुपारी पऱ्हाट्या उपटून झालेल्या वावरातले धसकट वेचायचे, धुरे नीट करायचे, काटेरी कुंपण घालायचे. रोहिण्या लागल्या की डोळे आभाळाकडे. पेरणी झाली की डवरा. एक डवरणी, दुसरी, तिसरी, पाऊस उघडला तर चौथी. आजी आणि घरच्या बायका निंदणाला. कपाशीच्या दर काही ओळींनंतर तुरीचे तास. कापूस गेला तर तूर राहील, तूर गेली तर ज्वारी राहील, असा त्यांचा विमा होता. त्याचा हप्ता घामाचा, आणि भरपाई मात्र नक्की मिळेल असे नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी. हे काम ते दुसऱ्या कोणाला करू देत नसत. तूप-हळद घेऊन बैलाच्या खांद्यावरचा जू घासून घट्ट झालेला भाग चोळत बसायचे. त्या दिवशी आजी म्हणायची, "माह्या खांद्याले कोन तूप लावते?" आबाजी हसायचे नाहीत. एकदा त्यांनी खरोखरच वाटीतले उरलेले तूप तिच्या पुढे ठेवले आणि गोठ्यात निघून गेले. आम्ही पोरे ओसरीवर होतो, म्हणून हे माहीत.

ज्वारीचा दाणा भरला की जागल. मचाणावर चढायचे, दिवसा गोफणीने पाखरे उडवायची आणि रात्री डुकरांसाठी टिनाचा डबा वाजवायचा. सहा आठवडे घरी झोपणे नाही. आम्ही नातवंडे आळीपाळीने सोबतीला. मचाणावर गोधडी एकच असे. सकाळी उठलो की ती सगळी आमच्या अंगावर असायची आणि आबाजी पोत्यावर बसलेले असायचे.

मग सीतादही करून पहिला वेचा. कापूस वेचणे म्हणजे काय ते या बैठकीत सांगायला नको, पण वर्तमानपत्र वाचणाऱ्यांना सांगावे लागते. बोंडे भरलेली असली तर चांगली वेचणारी बाई दिवसभरात तीस-पस्तीस किलो वेचते. शेवटच्या वेच्याला पंधरासुद्धा होत नाही, बोटे मात्र तेवढीच फाटतात. आबाजींचा नियम होता, की वेचणी सकाळच्या दवात सुरू करायची, तेव्हा पालापाचोळा मऊ असतो, चुरा होऊन कापसाला चिकटत नाही. वेचलेला कापूस मग अंगणात वाळवायचा. कवडी वेगळ्या ओटीत. चांगल्या कापसात कवडी मिसळून वजन वाढवणारे गावात होते, आणि त्यांना भाव काही कमी मिळत नव्हता. ग्रेडरचा हात गंजीत किती खोल जातो यावर ते असे. आबाजींना हे दिसत होते. तरी त्यांनी कवडी वेगळीच ठेवली. त्यामुळे त्यांचा नुकसानीचाच सौदा झाला असेल, आम्ही नाकारत नाही.

कापूस भरलेली बंडी आणि तिच्यावर बसलेली नातवंडे, हे आमच्या लहानपणचे सगळ्यात मोठे सुख. महाराष्ट्रात कच्च्या कापसाच्या एकाधिकार खरेदीचा कायदा १९७१ चा, आणि खरेदी सुरू झाली १९७२-७३ च्या हंगामापासून. तेव्हापासून बंडी केंद्रावर न्यायची. एका साली केंद्रावर आबाजी तीन रात्री रांगेत होते. बैल सोडलेले, बंडी उभी, बंडीखाली आबाजी. घरून भाकरी घेऊन आम्ही जायचो. चौथ्या दिवशी माप झाले आणि पावती मिळाली. पैसा नाही, पावती. ती त्यांनी धोतराच्या सोग्यात बांधली आणि परतताना आम्हाला फुटाणे घेऊन दिले. पैसा नसलेल्या माणसाने फुटाणे कशाचे घेतले, तर उधारीचे. दुकानदार ओळखीचा होता.

चुकारा हातात आला की खर्चाचा क्रम ठरलेला होता. आधी सोसायटी, मग मीठ-मिरची-रॉकेल, मग आजीला लुगडे, मग नातींच्या पाट्या-दप्तरे, मग नातवांची. नाती आधी का, असे थोरल्या काकूने एकदा विचारले. म्हणाले, "पोट्टे आपलं मांगून घेतात." यापुढे चर्चा नाही. स्वतःसाठी धोतरजोडी दोन वर्षांतून एक.

आबाजींना लिहिता येत नव्हते. हिशेब कोळशाने भिंतीवर. कापसाच्या बंडीला उभी रेघ, ज्वारीच्या पोत्याला आडवी, मजुरांच्या दिवसांना ठिपके. ती भिंत दर दिवाळीला सारवली जायची आणि त्याच्या आधी थोरले काका सगळे वहीत उतरवून घ्यायचे. त्यातल्या काही वह्या अजून आमच्याकडे आहेत. आम्ही त्या अलीकडे पुन्हा वाचल्या. बाहेरून लावलेल्या प्रत्येक बाईचा दिवस त्यात आहे. सालगड्याला दिलेली ज्वारी आणि जोडा आहे. आजीचा एकही दिवस नाही. आबाजींचाही नाही.

सरकारचा हिशेब तरी निराळा आहे का? कृषिमूल्य आयोग १९६५ साली नेमला गेला, १९८५ पासून त्याच्या नावात 'खर्च' हा शब्द आला. त्यांच्या कागदात घरच्या माणसांच्या कष्टाला रकाना आहे; ए-२ अधिक एफएल म्हणतात तो. २०१८-१९ पासून या खर्चाच्या दीडपट हमीभाव जाहीर होतो. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि स्वतःच्या भांडवलाचे व्याज धरून होणारा सी-२ हा मोठा आकडा, त्याच्या दीडपट नव्हे. आणि घरच्या कष्टाला दर कोणता? शेतमजुराचा. म्हणजे नक्षत्र बघून पेरणीचा दिवस ठरवणारा, बी निवडणारा, बैलाची नस ओळखणारा, तोट्याचा धनी असलेला माणूस कागदावर रोजंदार. ज्वारीच्या जागलीच्या रात्री वर्षाला चाळीस धरल्या आणि आबाजींची उमेदीची पन्नास वर्षे धरली तर दोन हजार रात्री होतात. साडेपाच वर्षांच्या रात्री मचाणावर. घरच्या हिशेबात त्यांची मजुरी शून्य होती. ही मजुरी त्यांनी कोणाला मागितली नाही, कारण लेकरांसाठी करतो त्याची मजुरी कसली, असे त्यांना वाटे. भावांनो, आपल्या कापसाचे कापड स्वस्तात मिळते त्याच्या मुळाशी हे वाटणे आहे. आईबापांच्या मायेवर गिरण्या चालल्या म्हटले तर कोणाला राग येईल. पण आम्ही वह्या वाचून बोलतो.

बी-बियाण्याचे थोडक्यात सांगतो. १९६४ साली ज्वारीचे पहिले संकरित वाण सीएसएच-१ आले आणि १९७० साली सुरतहून एच-४ ही संकरित कपाशी. आबाजींनी दोन्ही लावून पाहिली. नव्याला ते भीत नव्हते. एच-४ ची बोंडे बघून खूशही झाले. पण संकरित पिकाचे बी पुढच्या साली तसेच येत नाही, दर साली दुकानातून घ्यावे लागते, हे कळल्यावर त्यांनी हिशेब केला: नवे दोन एकरांवर, बाकी घरचे. संकरित ज्वारी पावसात सापडली की कणीस काळे पडायचे, तेव्हा गावठी उंच ज्वारी त्यांनी कडब्यासाठी म्हणून कधीच सोडली नाही. पुढे नव्वदीच्या दशकात सोयाबीन आले, ज्वारी हटली, कडबा गेला आणि कडब्यामागे बैल गेले. हे सगळे त्यांनी अंगणात बसून पाहिले.

१९७२ चा दुष्काळ आमच्याकडे मराठवाड्याइतका भयंकर नव्हता, पण होता. मधले आणि धाकटे काका खडी फोडायला जात. रेशनवर लाल मिलो यायचा, त्याची भाकर थापताना फाटायची. घरात त्या वेळी एक कणगी भरलेली होती. बियाण्याची ज्वारी, कडुलिंबाचा पाला घालून, वरून शेणामातीने लिंपलेली. आमच्यातले मोठे तेव्हा सात-आठ वर्षांचे. भूक लागली की आम्ही त्या कणगीला हात लावून उभे राहायचो. धाकट्या काकाने एकदा सरळ विचारले, की लेकरे उपाशी आणि घरात दाणे, हे कोणते शहाणपण? आबाजी म्हणाले, "हे खाल्लं तं पुढच्या साली काय माती पेरसान?" आणि त्या दिवसापासून ते रात्रीचे जेवले नाहीत. आपली अर्धी भाकर आमच्यात वाटायचे. १९७३ च्या मृगात कणगी फोडली. आमच्या पेरणीपुरती ठेवून उरलेली त्यांनी शेजारच्या चार घरांना दिली, कारण त्या घरांत बी खाऊन झाले होते. दिली ती सवाईने नाही. जेवढी दिली तेवढी परत.

आता एक अशी गोष्ट, जिच्यावरून आमच्या घरात अजून वाद होतो. १९६१ साली मधले काका सातवी पास झाले, शाळेत पहिले. गुरुजी घरी आले, म्हणाले याला तालुक्याला पाठवा. थोरले काका तेव्हा मास्तरकीच्या ट्रेनिंगला होते. दोघे बाहेर गेले तर वखर कोण धरणार? सालगडी ठेवायची ऐपत त्या साली नव्हती. आबाजींनी मधल्याला घरी ठेवले. मधले काका रडले नाहीत, पण पुढची दोन वर्षे बापाशी कामापुरतेच बोलले. आम्हाला वाटते, आबाजींचे इथे चुकले. काही भावंडे म्हणतात दुसरा मार्ग नव्हता. एवढे खरे, की आबाजींना ते लागून राहिले होते. सत्तरी उलटेपर्यंत ते मधल्या काकांच्या वावरात डवरा धरत. कोणी म्हटले, आबाजी आता पुरे, तर म्हणत, "त्याचं मायाकडं देनं हाय." ते फिटले असे मधले काका कधी म्हणाले नाहीत. मात्र आपल्या चारही लेकरांना त्यांनी शिकवले, वखराला एकालाही हात लावू दिला नाही. त्याचा परिणाम असा, की आज त्यांचे साडेतीन एकर ठोक्याने दिलेले आहे. यातले काय बरोबर ते तुम्हीच सांगा.

आत्याचे सांगितल्याशिवाय आबाजींचे सांगून होत नाही. चौघांतली ती दुसरी. १९६२ साली तिचे लग्न झाले तेव्हा दारव्ह्याहून मूर्तिजापूरकडे जाणाऱ्या शकुंतला गाडीत आबाजींनी तिला बसवून दिले. ती लहान रूळांची गाडी मूळची आपल्या कापसासाठीच घातलेली. उतरून चालत जाऊन पुन्हा चढावे, इतकी सावकाश. १९९४ मध्ये तिचे वाफेचे इंजिन गेले, डिझेलचे आले, पुढे गाडीच बंद पडली. तर त्याच गाडीने १९६८ साली आबाजी तिला परत घेऊन आले, पदरात दोन लेकरे, नवरा आजारात गेलेला. सासरकडच्यांनी तिला राहा म्हटले नाही. घरी आल्यावर आबाजी आजीला म्हणाले, "हिचं ताट मोजून नको वाढू." त्या काळात परत आलेल्या लेकीला घरात काय जिणे असे, ते मायबहिणींना माहीत आहे. आत्या राबली, सगळ्यांपेक्षा जास्त राबली, पण तिला कोणी आश्रित म्हटले नाही. म्हणायची कोणाची छाती नव्हती.

१९८३ साली वाटणी झाली. पंच बसले. तीन मुलगे, चौदा एकर. आबाजींनी चार वाटे सांगितले, साडेतीन-साडेतीन एकरांचे. पंचांतला एक म्हणाला, "आबाजी, पोरं तीन, मंग वाटे चार कसे?" आबाजी म्हणाले, "मले लेकरं चार हायेत." बराच आरडाओरडा झाला. लेकींना वडिलार्जित जमिनीत मुलाच्या बरोबरीचा हक्क देणारा महाराष्ट्राचा कायदा १९९४ साली आला, देशाचा २००५ साली. १९८३ ला असे बोलणे म्हणजे वेड लागल्याची निशाणी. शेवटी तोड निघाली, की चौथा वाटा आबाजी-आजीच्या नावे राहावा. आबाजींनी मान डोलावली. १९९० च्या सुमारास घरच्या लक्ष्मीच्या नावे जमीन करून द्या अशी मोहीम गावोगाव निघाली, तेव्हा त्यांनी तो वाटा आजीच्या नावे केला. सातबाऱ्यावर तिचे नाव चढले त्या दिवशी आजीने उतारा देवाजवळ ठेवला आणि विचारले, "आता याचं काय करू?" आबाजी म्हणाले, "तुयं हाय. कोनाले द्याचं ते तूच ठरव." कोणाला द्यायचे ते दोघांनाही माहीत होते. आजी २००४ साली गेली. त्याआधी तिने रीतसर कागद करून तो वाटा आत्याला दिला होता.

आता शेवटची गोष्ट, आणि आज इथे उभे राहण्याचे खरे कारण तीच.

१९ मार्च १९८६. आपल्याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे पत्नी आणि चार लेकरांसह गेले. बैठकीत कोणाला ती तारीख सांगायची गरज नाही; दर साली तिच्या आठवणीत लोक अन्नत्याग करतात. बातमी आमच्या गावात पोचली त्या संध्याकाळी आबाजी पारावरून उठून घरी आले आणि त्यांनी सगळ्या नातवंडांना अंगणात बोलावले. काही बोलले नाहीत. नुसते मोजले. मग पुन्हा मोजले.

तीनेक आठवड्यांनी पाडवा आला. गुढी झाली, जेवणे झाली आणि आबाजींनी तिन्ही मुलांना, सुनांना, आत्याला, आजीला ओसरीवर बसवले. म्हणाले, ज्याच्यावर जे देणे असेल ते आता सांगा. सोसायटीचे, दुकानाचे, सावकाराचे, हातउसने, सगळे. बायकांपुढे सांगा. थोरल्यांना ते रुचले नाही. कर्जाचे बोलणे बायका-पोरांपुढे कशाला? आबाजी म्हणाले, "ज्याइले सोबत नेतात, त्याइले ठाऊक असू द्या." त्यावर कोणी काही बोलले नाही. एकेकाने सांगितले. आबाजींनी भिंतीवर रेघा ओढल्या, पहिल्यांदा स्वतःच्या. त्यांचेही सातशे रुपये निघाले, आत्याच्या मुलाच्या फीसाठी उसने घेतलेले, आजीलाही माहीत नसलेले. मग कोणाचे आधी फेडायचे, काय विकायचे, कोणते लग्न एक साल पुढे ढकलायचे, ते ठरले. तेव्हापासून दर पाडव्याला हे आहे.

असे केल्याने कर्ज कमी झाले का? नाही. कापसाचा भाव ओसरीवर बसून वाढत नाही.

१९९७ च्या दिवाळीनंतर अवकाळी पाऊस झाला, फुटलेला कापूस झाडावर भिजला, तूर फुलावर गेली. जानेवारीत आबाजी गेले. दोन-तीन दिवसांचा ताप, बस. मार्चच्या शेवटी पाडवा. आबाजींच्या जागी आजी बसली. थोरले, मधले सांगून झाले. धाकट्यांनी सोसायटीचा आकडा सांगितला आणि थांबले. आजी म्हणाली, "अजून?" ते म्हणाले, नाही. आजी हलली नाही. अर्धा तास गेला असेल. मग धाकट्या काकूच बोलल्या, की हे रात्री झोपत नाहीत, वावरात एकटे जाऊन बसतात. तेव्हा निघाले, सावकाराचे चौदा हजार, महिन्याला शेकडा पाच रुपये व्याजाने. दोन वर्षांपासूनचे. काकूंना त्या क्षणापर्यंत आकडा माहीत नव्हता.

आत्या उठली, आत गेली. चौथ्या वाट्यातला कापूस घरात होता, कवडी वेगळी ठेवलेला, आणि तूरही थोडी. आठ दिवसांत दोन्ही विकले. अकरा हजार तिने आजीच्या हातात दिले, उरलेले तीन हजार तिघा भावांनी मिळून घातले. सावकाराकडे मधले काका आणि आत्या दोघे गेले आणि कागद फाडून घेऊन आले. धाकटे काका आज एकाहत्तर पार आहेत. या बैठकीला आलेत, मागे बसलेत; त्यांची परवानगी घेऊनच हे सांगतो आहोत.

आणखी एक गंमत. २००८ च्या कर्जमाफीत दोन हेक्टरची अट होती. वाटण्या होऊन साडेतीन-साडेतीन एकर झाल्यामुळे आमचे तिन्ही काका बसले. शेजारचे नऊ एकर बरडवाले बसले नाहीत. त्यांच्या नऊ एकरांत आमच्या साडेतीनाएवढेही पिकत नव्हते, पण अट म्हणजे अट. आत्याला काही मिळाले नाही. तिने कर्ज वेळेवर फेडले होते.

पाडव्याची बैठक अजून चालते. भिंतीवर कोळसा नाही, थोरल्यांची नातसून वहीत लिहिते आणि मोबाइलवर बेरीज करते. २०१७ च्या हंगामात आपल्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसे दगावली, त्याच्या पुढच्या पाडव्यापासून यंदा कोणाच्या वावरात कोण फवारणार, तोंडाला काय बांधणार, हेही तेव्हाच ठरते. शहरात नोकरीला असलेली भावंडे फोनवरून सांगतात. घराचे हप्ते, गाडीचे हप्ते, त्यांचीही देणी कमी नाहीत, असे आता आम्हाला कळले आहे. परवा एका पुतण्याने विचारले, की मोबाइलचे सहा हप्ते राहिलेत, तेही सांगायचे का? आत्या म्हणाली, "सांग." ती आता ऐंशीची आहे. तिला ऐकू कमी येते, म्हणून प्रत्येकाला आपला आकडा मोठ्याने सांगावा लागतो, शेजारच्या घरात ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. गेल्या दोन सालांपासून शेजारचे दोघे जण आमच्या ओसरीच्या पायरीवर येऊन बसू लागले आहेत.